पहिली वेलांटी

२ जून

मामा,

नमस्कार. तब्येत कशी आहे, पाय दुखतो का, हे सगळं नंतर. आज मी स्वार्थासाठी लिहिते आहे. तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही याचा एरवी मला वैताग येतो, आज बरं वाटलं. प्रत्यक्ष बोलून मागायचा धीर झाला नसता.

माझ्या प्रबंधाचं काम तुमच्याच गावात होणार हे मागे कळवलं होतं. चाळीस घरं घेतली आहेत. संस्थेच्या एक बाई रोज सकाळी घरोघर पेपर देतील आणि अकरा वाजता येऊन तो पेपर आणि एक तक्ता परत नेतील. तक्त्यात दहा प्रश्न आहेत. आजची मुख्य बातमी किती लक्षात राहिली, एकट्याने घराबाहेर पडायला किती भिती वाटते, शेजाऱ्यांवर किती भरवसा आहे, असे. उत्तर एक ते दहा आकड्यांत. असं सहा आठवडे. पेपर वाचून माणसाच्या मनात काय आणि किती बदलतं ते मला मोजायचं आहे. याहून जास्त सांगता येत नाही, कारण सांगितलं की लोकांची उत्तरं बदलतात.

तर काल एका घराने अंग काढून घेतलं. सोमवारी सुरुवात आहे आणि माझ्याकडे एकोणचाळीसच घरं आहेत. चाळिसावं मिळालं नाही तर गाइड मॅडम सगळं काम पुढच्या वर्षावर ढकलतील, आणि माझी मुदत मार्चमध्ये संपते. तुम्ही व्हाल का चाळिसावे? दोन अटी आहेत आणि दोन्ही तुम्हाला जड जाणार आहेत. सहा आठवडे दुसरा कुठलाही पेपर वाचायचा नाही. आणि कात्री लावायची नाही. तुमची ती चुकांची वही तेवढे दिवस उपाशी राहील.

अर्जावर एक ओळ आहे, ‘संशोधकाशी नातं नाही’. तिथे फक्त खूण करायची. आपली आडनावं वेगळी आहेत, कोणाला कळणार नाही. रागावू नका.

तुमची भाची


७ जून

चि. वेलांटीस अनेक आशीर्वाद, आणि एक लाल फुली.

‘भिती’ नव्हे, भीती. दुसरी वेलांटी. तू सहा वर्षांची असताना मी तुला पाटीवर हा शब्द शंभर वेळा लिहायला लावला होता. त्यातले सत्तर तू पहिल्या वेलांटीने लिहिलेस आणि वर मला म्हणालीस की भीती लहान आहे, तिला मोठी वेलांटी कशाला. तेव्हापासून तुझं हे नाव पडलं. आता नावामागे डॉक्टर लागायची वेळ आली तरी तुझं पाटीवरचंच चालू आहे.

चाळिसावा होतो. चाळीस वर्षं मी पेपर लोकांच्या आधी वाचला. आता लोकांच्या बरोबरीने वाचून त्यावर मार्क मिळतात का बघू. तू संशोधक, मी मुद्रितशोधक, म्हणजे आडनाव वेगळं असलं तरी धंद्यात नातं आहेच. ती ओळ मात्र मी सगळ्यात शेवटी भरली. खोटं कधी छापलं नाही असं मी म्हणणार नाही, भरपूर छापलं, पण शुद्ध छापलं. ही खूण काही शुद्ध नाही. तू मागितलीस म्हणून केली.

सध्या शालेय शब्दकोशाची प्रुफं तपासतो आहे. निवृत्तीनंतर छापखान्याने दिलेलं हे पहिलं मानाचं काम. ‘ध’ संपत आला. पोरं हा कोश उघडून शब्द बघणार, म्हणून एकेक ओळ दोनदा वाचतो. संध्याकाळी न्हाव्याच्या दुकानात बाकावर बसतो, तेवढीच करमणूक. तिथे पेपर असतो. सहा आठवडे त्याच्याकडे पाठ करून बसावं लागणार, म्हणजे आरशाकडे तोंड करून बसावं लागणार, म्हणजे तो उलटा वाचावा लागणार. गंमत केली. वाचणार नाही.

शेजारच्या शिलाईवाल्या बाईंनी तुझी चौकशी केली. लग्नाबद्दल विचारत होत्या. मी सांगितलं की तिचं आकडेवारीशी ठरलं आहे.

मामा


२० जून

मामा,

तुमचे उपकार कसे फेडू? चाळीसच्या चाळीस तक्ते रोज येताहेत, एकही खाडा नाही. मॅडम पहिल्यांदा माझ्याशी हसून बोलल्या. मला घरांचे फक्त क्रमांक दिसतात. तुमचा क्रमांक कोणता ते मला माहीत नाही आणि माहीत होऊही नये, म्हणून चुकूनसुद्धा लिहू नका.

दिवसभर इथे एका अरुंद खोलीत आम्ही दोघी बसतो, मी आणि संगणकावर पानं जुळवणारी माझी सहकारी. खिडकीबाहेर दुसऱ्या इमारतीची भिंत. पहाटे तीनला कामाला लागतो, दुपारी आकडे भरतो. जेवणाच्या वेळीसुद्धा आम्ही भिती या विषयावरच बोलतो, तेही डबा खात खात. काही घरांचे आकडे दोनच आठवड्यांत चढायला लागले आहेत. मला आनंद होतो आणि मग लाज वाटते, कारण चढलेला प्रत्येक आकडा म्हणजे कुठेतरी कोणीतरी धास्तावलेलं माणूस आहे. पण संशोधन असंच असतं ना? डॉक्टरलाही ताप मोजताना थोडी उत्सुकता असणारच.

‘न’ लागला का? कळवा. आणि चुका काढा, त्याशिवाय तुमचं पत्र आल्यासारखं वाटत नाही.

वेलांटी


२९ जून

चि. वेलांटीस आशीर्वाद.

पत्र पोचलं. तक्ते वेळेवर देतो आहे, त्याची काळजी नको.

घराला नवं कुलूप बसवलं. जुनं नीट लागतं की नाही याची खात्री वाटेना. एक किल्ली शेजारच्या बाईंकडे ठेवली. दाराला आतून एक कागद चिकटवला आहे, तो वाचल्याशिवाय बाहेर पाऊल टाकत नाही. तसा फारसा पडतच नाही. न्हाव्याकडे बसणं बंद केलं, दाढी घरीच करतो.

‘प’ संपवून शब्दकोशाचं पुढचं काम छापखान्याला परत केलं. डोळ्यांना त्रास होतो असं कळवलं. मॅनेजर हळहळले. ‘फ’पासून पुढे दुसऱ्या कोणाकडे देतील.

सहज एक विचारतो. तुझ्या आजीला विसर पडायला लागला तेव्हा ती नेमकी किती वर्षांची होती? मला सगळं आठवतं, पण साल आठवत नाही. तुझी आई बरोबर सांगायची. तिने तुला कधी सांगितलं असेल तर कळव. घाई नाही.

मामा


५ जुलै

मामा,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. यावेळी तुम्ही माझी एकही चूक काढली नाहीत! म्हणजे मी सुधारले. मॅडमना दाखवणार होते, मग आठवलं की आपलं नातं गुप्त आहे.

पण काळजी वाटली. नवं कुलूप, किल्ली शेजारी, बाहेर जाणं बंद, आणि दाराला कागद. त्यावर पोलिसांचे नंबर लिहिले असणार, हो ना? इथे आमच्याकडे अशाच नोंदी येताहेत. एका घराने खिडकीला गज बसवले. एका आजोबांनी फेरफटका सोडला. मी हे तुम्हाला लिहायला नको, तरी राहवत नाही म्हणून थोडंसं सांगते. माणसाला जग जेवढं धोकादायक वाटतं तेवढं ते नसतं. तो रोज काय वाचतो आणि ते त्याच्यासमोर कसं मांडलं जातं, त्यावर त्याची भिती ठरते. तुमच्या गावात गेल्या तीन वर्षांत घरफोड्या कमी झाल्या आहेत. मी पोलिसांचे आकडे स्वतः पाहिले. तेव्हा खुशाल न्हाव्याकडे जा.

मात्र तक्ता भरताना मी हे सांगितलंय ते विसरा. जे वाटतं तेच लिहा. दोनच आठवडे उरले. सांगू नये, पण निकाल माझ्या मनासारखा लागतो आहे. इतका, की सहकारी म्हणाली, जरा सावकाश, नजर लागेल.

आजी सत्तरच्या आसपास होती बहुतेक. हे मधेच कुठे आठवलं तुम्हाला? डोळे तपासून घ्या. शब्दकोश सोडलात याचं मला वाईट वाटलं, पण आराम हवाच. आयुष्यभर लोकांच्या चुका शोधल्यात.

वेलांटी


१४ जुलै

चि. वेलांटीस आशीर्वाद.

हे पत्र मी आधी कच्चं लिहिलं, मग पक्कं केलं, आणि मग कच्च्याशी ताडून पाहिलं. त्यात काही राहिलं असेल तर समजून घे.

दाराच्या कागदावर पोलिसांचे नंबर नाहीत. ‘गॅस, नळ, किल्ली, चष्मा’ असं लिहिलं आहे.

मी तुझा नियम मोडला, तिथून सांगतो. चोवीस जूनला सकाळी पेपर वाचला. पहिल्या पानावर, डोक्यावरच, सहा कॉलम मथळा होता, ‘घरफोड्यांनी नागरिक भयभित’. पहिली वेलांटी. एवढ्या मोठ्या टाइपात एवढी चूक मी नोकरीत असताना कधी सुटली नव्हती. कात्रीकडे हात गेला होता, पण तुला शब्द दिला होता. अकराला पेपर गेला. संध्याकाळी न्हाव्याला म्हटलं, आज तुझ्या पेपराने काय गोंधळ घातलाय बघ. त्याने पेपर उलगडला. पहिल्या पानावर पाणीपुरवठ्याची बातमी होती. घरफोडीच्या दोन ओळी पाचव्या पानावर, तळाला, आणि ‘भयभीत’ हा शब्द कुठेच नाही. ना पहिल्या वेलांटीने, ना दुसऱ्या. मी ते पान चारदा वर-खाली केलं. दुकानात तिघे होते. न्हाव्याने मला पाणी आणून दिलं.

शहराची आणि बाहेरगावची आवृत्ती वेगळी असते हे मला कोणी शिकवायला नको. पेपरवाल्याला विचारलं, तो म्हणाला गावात एकच आवृत्ती येते. तुझ्या तक्तेवाल्या बाईंना विचारलं, त्या म्हणाल्या सगळ्यांना एकच पेपर आहे. मग पुढच्या चार दिवसांत आणखी दोनदा गेलो, मुद्दाम. दोन्ही वेळा मी सकाळी पहिल्या पानावर वाचलेलं संध्याकाळी तिथे नव्हतं. त्यानंतर गेलो नाही.

शब्दकोश डोळ्यांमुळे सोडला नाही. जो माणूस नसलेली अक्षरं वाचतो त्याच्या हातात पोरांचा कोश कसा द्यायचा?

डॉक्टरकडे गेलो. त्यांनी घड्याळ काढायला सांगितलं, अकरा वाजून दहा मिनिटं. काढलं, काटे बरोबर होते. शंभरातून सात सात वजा केले. म्हणाले, वयाच्या मानाने उत्तम. मग मी पेपरचं सांगितलं, तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं. विसरणं वेगळं आणि नसलेलं दिसणं वेगळं, म्हणाले. घरी कोण असतं ते विचारलं. तुझ्या आजीचं मी त्यासाठी विचारलं होतं. ती एकसष्टची होती, सत्तरची नव्हे. मला आता आठवलं. मी अडुसष्टचा आहे.

तक्त्यात भीती किती वाटते ते विचारता. मी नऊ लिहितो. कशाची, ते तुझा तक्ता विचारत नाही.

टेकडीखाली जो वृद्धनिवास आहे तिथे एक खोली मिळते आहे. शुक्रवारी, पंचवीस तारखेला सही करायची. घरमालकांना सांगितलं आहे. पुस्तकं तुझी. चुकांची वही जाळू नको, ती जेव्हा लिहिली तेव्हा मी शाबूत होतो. तुला आधी कळवलं नाही, कारण तुझं काम चालू होतं आणि मी नियम मोडला होता. हे चाळिसावं घर शेवटच्या दिवसापर्यंत भरून देतो, मग मोकळा होतो.

तू आता दगदग करून येऊ नको.

मामा


१७ जुलै, कुरिअरने

मामा,

हे पत्र उभ्याने वाचू नका, बसा. तुमचं डोकं शाबूत आहे. तुम्ही जे वाचलंत ते खरोखर छापलेलं होतं, पहिल्या पानावर, सहा कॉलम, चुकीच्या वेलांटीसकट. ती वेलांटी मी दिली होती.

चाळीसपैकी वीस घरांना बाजारात मिळतो तोच पेपर जात होता. उरलेल्या वीस घरांच्या पेपरचं पहिलं आणि पाचवं पान आम्ही इथे, या खोलीत, रोज पहाटे नव्याने जुळवून छापायला पाठवत होतो. बातम्या खऱ्याच. फक्त चोऱ्यांच्या बातम्या आतल्या पानावरून उचलून पहिल्यावर आणायच्या आणि त्यांना मोठा मथळा द्यायचा. बातमीची नुसती जागा बदलली तर वाचणाऱ्याच्या मनातली भीती वाढते का, एवढाच माझा प्रश्न होता. मथळे मी लिहीत होते. कोणत्या घरी कोणता पेपर जातो हे फक्त मॅडमना माहीत. अकराला पेपर परत घ्यायचा तो यासाठी, की कोणी दोन पेपर शेजारी ठेवून बघू नयेत. तक्तेवाल्या बाईंनाही यातलं काही सांगितलेलं नव्हतं, त्या खोटं बोलल्या नाहीत.

तुमच्या पत्रात ‘भयभित’ हा शब्द वाचला आणि मी तशीच उठले. कपाटातून चोवीस जूनचं आमचं पान काढलं. सहकारिणीने तपासलेलं, मॅडमनी सही केलेलं, संगणकातून गेलेलं. कोणालाच दिसलं नाही. गावातल्या एका माणसाला दिसलं, आणि त्याने स्वतःलाच वेडं ठरवलं.

मला वाटत होतं तुम्हाला चोरांची भीती वाटते. कुलूप, किल्ली, कागद, सगळं मी माझ्या सिद्धान्तात बसवत गेले. आजीचं वय विचारलंत तर ‘सत्तरच्या आसपास’ म्हणून उडवून लावलं. चुका काढल्या नाहीत तर खूश झाले. तुमची भीती तुम्ही मला पत्रातून सांगत होतात, आणि मी निकाल मनासारखा लागतोय म्हणून सांगत सुटले होते. मामा, मला माफ करा.

सकाळी मॅडमकडे गेले. पान दाखवलं, नातं सांगितलं, ती खोटी खूणही सांगितली. त्या म्हणाल्या की चाळीसही घरांची आकडेवारी बाद. मार्चची मुदत गेली. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करायचा, मान्य झाला तर. त्यांच्या रागाची मला भीती होती, पण त्या नंतर जे म्हणाल्या ते जास्त लागलं. म्हणाल्या, बाकीच्या एकोणीस घरांत असं कोणी नसेल कशावरून? आपण तर कोणाला हे विचारलंच नाही. मी पुढच्या आठवड्यात तिथे येते. आधी तुमच्याकडे, मग त्या एकोणीस घरी, स्वतः.

सोबत चोवीस जूनची दोन पानं आहेत, एक बाजारातलं, एक माझं. शेजारी ठेवून बघा. न्हाव्याला दाखवा, डॉक्टरांना दाखवा. माझ्या पानाला कात्री लावा.

शेजारच्या बाईंना आत्ताच फोन केला. कारण सांगायला लाज वाटली, एवढंच म्हटलं की माझं पत्र हातात पडेपर्यंत मामांना कुठेही सही करू देऊ नका. तुम्ही फोन घेत नाही, पत्राला दोन दिवस लागतात, आणि मला एकाच गोष्टीची भिती वाटते आहे, की तुम्ही शुक्रवारची वाट न पाहता आधीच जाल.

वेलांटी


२३ जुलै

चि. वेलांटीस आशीर्वाद.

मी तुझ्यावर रागावलो आहे. हे आधी लिहितो, नाहीतर मामाने हसून सोडून दिलं असं समजशील. तीन आठवडे मी सकाळी उठून आधी स्वतःचं नाव-पत्ता म्हणून बघत होतो. दाढी करताना आरशात नीट बघत नव्हतो. तू माझ्या घरी चोर पाठवला असतास तर तो परवडला असता.

आता बाकीचं. कुरिअर शनिवारी आलं. त्याआधी दोन दिवस शेजारच्या बाई माझ्या दाराशी खुर्ची टाकून हातशिलाई करत बसल्या होत्या. मी कुठे निघालो की विचारायच्या, पेन घेतलंय का? मला वाटलं, त्यांचंही डोकं गेलं.

दोन्ही पानं टेबलावर शेजारी ठेवली आणि संध्याकाळपर्यंत बघत बसलो. मग न्हाव्याकडे गेलो. त्याने दोन्ही वाचली, पुन्हा वाचली, आणि म्हणाला, ‘म्हणजे तुम्ही ठीक आहात, तुमची भाची तेवढी तपासून घ्या.’ दाढी त्याच्याकडूनच केली.

वृद्धनिवासाला ‘खोली नको’ म्हणून कळवलं. घरमालक म्हणाले, बरं झालं. डॉक्टरांनी पानं बघून कपाळाला हात लावला, तरी सहा महिन्यांनी घड्याळ काढायला बोलावलं आहे. जाईन. तुझ्या आजीचं वय काही खोटं नव्हतं, आणि एकदा मनात शिरलेली शंका दोन पानं बघून लगेच जात नाही. दाराचा कागद अजून काढलेला नाही.

छापखान्यात गेलो. ‘फ’ ते ‘म’ दुसऱ्याकडून करून घेतलं, छापायलाही गेलं. ‘य’पासून पुढचं मला परत दिलं. म्हणजे त्या कोशात ‘भीती’ कशी छापली जाईल ते माझ्या हातात राहिलं नाही. हे मला फार लागलं आहे, आणि ते तुला कळावं म्हणून लिहितो.

कात्री लावली. ‘भयभित’ चुकांच्या वहीत चिकटवला. त्या वहीत एक रकाना आहे, ‘चूक कोणाची’. चाळीस वर्षं मी तो रिकामा ठेवत आलो, उगाच कोणाची नोकरी जायला नको म्हणून. आज पहिल्यांदा भरला.

एक सांगतो, तू विचारलं नाहीस तरी. त्या सकाळी ती वेलांटी बघितली तेव्हा पहिली आठवण तुझीच झाली. वाटलं, हे तर आपल्या पोरीचं अक्षर. आणि संध्याकाळी ते पानावर नव्हतं. तेव्हाच मी घाबरलो. मला वाटलं, एकटा राहून राहून आता भाचीच्या चुकासुद्धा जिथे तिथे दिसायला लागल्या.

त्या एकोणीस घरी जाशील तेव्हा आधी माफी माग, मग सिद्धान्त सांग. उलट करू नको. शनिवारी आलीस तर दुपारच्या गाडीने ये, मी स्टँडवर येतो.

आता तुझं पत्र. त्यात ‘भीती’ पाच वेळा आली आहे. चार बरोबर आहेत, शब्दकोश उघडून लिहिलेल्या दिसतात. पाचवी, शेवटच्या ओळीतली, चुकलीस. मी लाल पेन उचललं आणि थांबलो. पत्र घेऊन शेजारी गेलो, त्या शब्दावर बोट ठेवलं आणि बाईंना विचारलं की इथे कोणती वेलांटी आहे. त्यांनी मशीन थांबवलं, चष्मा लावला, कागद उजेडाकडे धरला.

‘पहिली आहे, काका.’

तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. ती दुरुस्त केलेली नाही.

मामा